पीएमएल या मेंदूच्या आजाराच्या रुग्णांसाठी : मंडळाचे सभासद आणि हितचिंतकांना कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

कार्यकारिणीची बैठक कालच रात्री उशिरा संपली. पत्र आजच जायला हवे म्हणून घाईत लिहीत आहे, काही राहिले तर सांभाळून घ्यावे.

आधी ऋण मान्य करते. रुग्णांना लागणारे साहित्य वापरायला देणारी आपली साहित्यपेढी सुरू झाली ती एका चाकाच्या खुर्चीवर. आपल्या माजी अध्यक्षांनी यजमान गेल्यावर ती खुर्ची स्वतः पुसून, चाकांना तेल घालून आणून दिली आणि "ती रिकामी राहू देऊ नका" एवढेच म्हणाल्या. ती आजवर फारशी रिकामी राहिलेली नाही. त्यानंतर पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायच्या हवेच्या गाद्या आल्या. दोघा भावांनी आईच्या वर्षश्राद्धाचा खर्च टाळून त्या दिल्या आणि नाव छापू नका अशी अट घातली, म्हणून इथेही छापत नाही. निवृत्त परिचारिका असलेल्या आपल्या ताई आजही घरोघरी जाऊन रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे, गिळताना ठसका लागत असेल तर कसे बसवून भरवायचे, हे शिकवतात. लक्षणांची मराठी पुस्तिका ज्या डॉक्टरांनी तीनतीनदा तपासून दिली, त्यांनी मानधनाचे पाकीट न उघडता पेढीतच जमा केले. या माणसांमुळे मंडळ उभे आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटतो.

जुन्यांना हे पाठ आहे, पण नव्या सभासदांसाठी सांगते. पीएमएल (प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपॅथी) हा मेंदूचा आजार जेसी नावाच्या विषाणूमुळे होतो. 1958 मध्ये तो पहिल्यांदा वेगळा आजार म्हणून नोंदला गेला आणि 1971 मध्ये एका रुग्णाच्या मेंदूतून हा विषाणू मिळाला. त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरेच विषाणूचे नाव झाली. निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो काही त्रास न देता पडून असतो. एचआयव्ही, रक्ताचे व लसिकाग्रंथींचे कर्करोग, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे किंवा नतालिझुमाब, रितुक्सिमाबसारखी औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती खालावली की क्वचित तो उठतो आणि मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टण तयार करणाऱ्या पेशी मारतो. वेष्टण गेले की संदेश अडखळतात. मग एका बाजूचा हात लुळा पडतो, बोलणे अडकते, समोरचे अर्धे दिसेनासे होते, स्वभाव बदलतो. हे सारे काही आठवड्यांत वाढत जाते, आणि ताप बहुधा नसतो. म्हणून घरच्यांना तो अर्धांगवायूच वाटतो, किंवा "टेन्शन घेतलंय" म्हणून सोडून दिले जाते. एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची पीसीआर तपासणी होईपर्यंत मोलाचे दिवस निघून जातात.

या विषाणूवर खात्रीचे औषध आजही नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती परत आणणे हाच मार्ग. एचआयव्ही असेल तर त्यावरचे उपचार लगेच सुरू करायचे, औषधामुळे झाले असेल तर ते डॉक्टरांनी थांबवायचे. (स्वतःच्या मनाने कुणीही कोणतेही औषध बंद करू नये, हे दर वेळी सांगावे लागते.) प्रतिकारशक्ती परतताना मेंदूला सूज येऊन रुग्ण काही काळ आणखी खालावूही शकतो. त्या दिवसांत घरचे माणूस कोलमडते. एचआयव्हीवरची प्रभावी उपचारपद्धती आल्यापासून पूर्वीपेक्षा पुष्कळ रुग्ण वाचतात, पण वाचलेल्यांना चालणे-बोलणे पुन्हा शिकावे लागते. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे हे महिने कुणाच्याच हिशेबात नसतात. आपले काम तिथे सुरू होते.

मागच्या वर्षीच्या आवाहनाला आलेली उत्तरे बोटांवर मोजण्याइतकी होती. एका जबाबदार सभासदांनी विचारले, "इतक्या कमी लोकांना होणाऱ्या आजारासाठी एवढा खटाटोप कशाला?" तो प्रश्न मला लागला, लपवत नाही. रुग्ण कमी म्हणूनच त्यांच्यासाठी कुठे तयार व्यवस्था नसते. आणखी एक कुजबुज कानावर आली, की सोबतीला गेलो तर आपल्यालाही होईल. रुग्णाची सेवा केल्याने निरोगी माणसाला पीएमएल होत नाही. ज्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी नाव देण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, बाकीच्यांनी निर्धास्त यावे.

सध्या प्रतीक्षायादीवर तीन घरे आहेत आणि पेढीत द्यायला एकही गादी शिल्लक नाही. हवे ते असे : हवेच्या गाद्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या (वापरलेल्या चालतील, मोडक्या नकोत), फिजिओथेरपीच्या खर्चासाठी रोख किंवा धनादेश (मंडळाच्याच नावाने; पावती घेतल्याशिवाय कुणाकडेही पैसे देऊ नयेत), आठवड्यातून एक रात्र सोबतीला बसू शकणाऱ्यांची नावे (प्रशिक्षण ताई देतील), पुस्तिकेच्या पुनर्मुद्रणाला कागद. रक्कम कोषाध्यक्षांकडे, साहित्य पेढीत, नावे माझ्याकडे, सर्व महिनाअखेरच्या आत. साहित्य आणता येत नसेल तर निरोप द्या, आम्ही येऊन नेऊ. रात्रीच्या सोबतीची नावे मात्र आधी द्या, यादीतल्या पहिल्या घरी रुग्णाची मुलगी एकटीच जागते आहे.

आपली नम्र,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)