सीटीच्या शिबिरांआधी कोलोनोस्कोपी द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी लातूरला रेडिओलॉजिस्ट आहे. हल्ली धडधाकट माणसं येतात आणि म्हणतात, पोटाचं सीटी काढा, आतड्याचा कॅन्सर असेल तर आत्ताच कळू द्या. पण साध्या सीटीत आतड्यातला लहान पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा मांसल कोंब ज्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, बहुधा दिसतच नाही. त्यासाठी सीटी कोलोनोग्राफी लागते. आधी जुलाब देऊन पोट साफ करायचं, गुदद्वारातून हवा भरून आतडं फुगवायचं, मग उताणं आणि पालथं झोपवून स्कॅन. अमेरिकेत ४५ वर्षांपुढच्या निरोगी माणसांसाठी दर ५ वर्षांनी हा एक मान्य पर्याय आहे. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप असलेल्या शंभरातले साधारण नव्वद जण त्यात सापडतात.

तपासणी चांगलीच आहे. तरीही मराठवाड्यात तिची शिबिरं भरवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

सीटी पॉलिप दाखवतं, काढत नाही. काढायला कोलोनोस्कोपीच, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेली तपासणीच, लागते, आणि जीव वाचतो तो पॉलिप काढल्याने. शिवाय हा कॅन्सर आपल्याकडे अमेरिकेपेक्षा बराच कमी. निरोगी माणसांपैकी बहुतेकांच्या पदरात किरणोत्सर्ग पडेल, नाहीतर मूत्रपिंडावरच्या एखाद्या निरुपद्रवी डागाची धास्ती.

खरी गरज आहे ती ज्यांना त्रास होतोय त्यांना. शौचावाटे रक्त गेलं की आपल्याकडे मूळव्याधच ठरते. महिनोन्‌महिने मलम, चूर्ण, इंजेक्शनं. वजन उतरतं, अंगात रक्त राहत नाही. मग तो माणूस माझ्या टेबलावर येतो, तेव्हा गाठ यकृतापर्यंत गेलेली असते. असा रिपोर्ट लिहिताना हात जड होतो, साहेब.

कॅन्सर तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्यांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासतात. आतडं त्यात नाही. निदान तिथे येणाऱ्या प्रत्येकाला रक्त जातं का, हे विचारलं जावं. पन्नाशीपुढच्यांसाठी शौचातलं न दिसणारं रक्त ओळखणारी फिट चाचणी आधी एका जिल्ह्यात करून पाहावी. आणि आठही जिल्ह्यांतल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत कोलोनोस्कोपीचे ठरलेले वार असावेत, हिंगोली-परभणीच्या माणसाला संभाजीनगर गाठावं लागू नये. महाविद्यालयं आपल्या खात्यात नाहीत, म्हणून वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांसोबत बसून हे ठरवा.

गाठीमुळे दुर्बीण पुढे सरकत नाही, अशा रुग्णांना सीटी कोलोनोग्राफी खरोखर उपयोगी पडते. त्यांचे स्कॅन मी विनामोबदला वाचून देईन.

आपला,
लातूरमधील एक रेडिओलॉजिस्ट