‘शिसे ओतकामासाठी योग्य’ म्हणून विकलेल्या हूडबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : टेबलावरचा ओतकाम हूड (शिसे ओतताना उडणारी धूळ-धूर पंख्याने ओढून पाइपातून बाहेर टाकणारी पेटी; मोठे मॉडेल) पुरेशी हवा ओढत नाही, माहितीपुस्तिकेतील सूचना धोकादायक आहेत; पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

“वास येत नसेल तर हूड नीट चालतोय,” असे तुमच्या हेल्पलाइनवरून मला सांगण्यात आले. यानंतर फोनवर बोलण्यासारखे काही उरले नाही, म्हणून हे लेखी देत आहे.

आधी आकडे, कारण फोनवर कुणालाच ते ऐकायचे नव्हते. हूडचे तोंड 60 सेंटीमीटर रुंद आणि 45 सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे 0.27 चौरस मीटर. खोक्यावर ताशी 480 घनमीटर छापले आहे. भागाकार केला की तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला 0.49 मीटर येतो. तिन्ही बाजूंनी बंद असलेल्या हूडला साधारण 0.5 मीटर लागतोच, तेव्हा तो आकडा कुणीतरी जाणून छापला आहे एवढे नक्की. तोंडाचे नऊ सारखे चौकोन पाडून प्रत्येकात अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचे यंत्र) धरला तर सरासरी येते 0.14. म्हणजे ताशी 136 घनमीटर. डाव्या खालच्या कोपऱ्यात तर पाते फिरतच नाही. उदबत्ती धरली तर धूर आत जायच्या ऐवजी समोर बसलेल्याच्या तोंडाकडे येतो. मासेमारीच्या गळाची शिशाची वजने ओतताना साचा उघडायला आणि ओतणीची शेपटी (ओतवाटेत गोठलेले जादा शिसे) तोडायला हात नेमका त्याच कोपऱ्यात असतो.

तुमचा लवचीक पाइप काढून टाकला की तोच पंखा, तोच फिल्टर लावलेला असताना, 0.41 देतो. म्हणजे मोटर बिघडलेली नाही, विजेचा दाब कमी नाही, फिल्टर तुंबलेला नाही. हे तिन्ही प्रश्न प्रत्येक फोनला पहिल्यापासून विचारले गेले, म्हणून इथे तिन्हींची उत्तरे लिहून ठेवतो. दोष 100 मिलिमीटरच्या पाइपचा आहे.

तुमच्या डिझाइन विभागाला हे समजावून सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. ताशी 480 घनमीटर हवा 100 मिलिमीटरच्या पाइपातून न्यायची तर ती सेकंदाला 17 मीटरने पळाली पाहिजे. एवढ्या वेगाच्या हवेचा नुसता गतिदाबच, म्हणजे हवेला तो वेग द्यायलाच लागणारा दाब, 170 पास्कलच्या वर जातो. पाइपचे घर्षण, वळणे आणि फिल्टर त्यात अजून धरलेलेच नाहीत. आणि पंख्याच्या पाटीवर तुम्हीच छापले आहे : कमाल स्थिर दाब 90 पास्कल. खोक्यावरचा आकडा आणि पंख्यावरची पाटी एकाच कारखान्यातून निघाली, पण दोघांची गाठ कधी पडली नसावी. 480 हा मोकळ्या हवेतला आकडा आहे. पाइप न लावता पंखा टेबलावर ठेवून मोजलेला. मोकळ्या हवेतच काम करायचे असते तर हूड कुणी विकत घेतला असता?

हाच पाइप 150 मिलिमीटरचा असता तर तेवढ्याच हवेला वेग साडेसात मीटर लागला असता आणि घर्षणाचा तोटा जवळपास साडेसात पटींनी कमी झाला असता, कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यात तुमचा पाइप नळीदार घड्यांचा. अशा पाइपात घर्षण गुळगुळीत पत्र्याच्या पाइपापेक्षा दुप्पट-तिप्पट, आणि तो पूर्ण ताणला नाही तर आणखी जास्त. पुस्तिकेत मात्र “उरलेला पाइप हूडमागे गुंडाळून ठेवावा” असे लिहिले आहे. गुंडाळून! एक काटकोनी वळणसुद्धा अशा पंख्याला महाग पडते, आणि तुम्ही वेटोळे घालायला सांगता.

पंखा हूडच्या डोक्यावर बसवला आहे, ही दुसरी चूक. पंखा आधी आणि पाइप नंतर, म्हणजे पाइपभर हवा बाहेर ढकलणारा दाब. जिथे क्लॅम्प सैल, जिथे पाइपला चीर, तिथून शिशाची धूळ घेऊन आलेली हवा खोलीतच परत. पंखा पाइपच्या शेवटी, भिंतीपाशी किंवा भिंतीबाहेर असता, तर गळतीच्या जागी खोलीतली हवा आत ओढली गेली असती आणि गळती निरुपद्रवी ठरली असती. आणि तिथे अक्षीय (साधा पात्यांचा) पंखा नको, दाबाविरुद्ध टिकणारा सेंट्रिफ्युगल ब्लोअर हवा. या धंद्यात हे नवीन ज्ञान नाही.

आता त्या फोनबद्दल, कारण पैसे परत मागण्याचे खरे कारण तोच आहे.

पहिल्या प्रतिनिधीने विचारले, “सर, धूर दिसतोय का?” मी म्हटले, ओतकाम चालू असताना धूर फक्त मेण टाकून मळी वर काढतानाच दिसतो, बाकी वेळ जे हवेत जाते ते दिसत नाही. त्यावर, “मग वास येतोय का?” मी सांगितले, शिशाला वास नसतो. थोडा वेळ शांतता. मग, “वास येत नसेल तर हूड नीट चालतोय, सर.” मी विचारले की हे तुमच्या स्क्रीनवर लिहिलेले आहे का. उत्तर : “हो.” मग फोन वरिष्ठांकडे गेला. वरिष्ठ अभ्यासू निघाले. म्हणाले, “शिसे वितळते 327 अंशांना आणि उकळते 1749 अंशांना. तुमचे भांडे 400 अंशांवर. मग वाफ येणार कुठून? तुम्ही उगाच घाबरता.”

या अर्ध्या माहितीबद्दल त्यांचे अभिनंदन करतो, कारण अर्धा भाग खरा आहे. 370 ते 400 अंशांना शिशाची वाफ फारच कमी असते. 480-500 अंशांच्या पुढे ती झपाट्याने वाढते, म्हणून भांडे कधी तिथवर जाऊ द्यायचे नसते. पण उरलेला अर्धा भाग त्यांनी सोडला. घरातल्या ओतकामात धोका मुख्यतः धुळीचा असतो. वितळलेल्या शिशावर हवेमुळे ऑक्साइडची साय धरते. ती पळीने काढली की राखेसारखी भुकटी होते, हलकी, बारीक, आणि भांड्यातून डब्यात टाकताना उडते. जुन्या शिशावरची पांढरी पूड भांड्यात टाकतानाही उडते. हूड हवा असतो तो या क्षणांसाठी. श्वासातून आणि त्याहून जास्त हातावरून तोंडात जाणारी ही पूड. काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या कारखान्यांना 1978 पासून आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. 50 मायक्रोग्रॅम डोळ्याला दिसत नाहीत आणि नाकाला कळत नाहीत. मुलांच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटना सुरक्षित अशी कुठली पातळीच मानत नाही. घरात वापरायच्या उपकरणाबद्दल बोलताना “उगाच घाबरता” हे शब्द तुमच्या वरिष्ठांनी कशाच्या आधारावर वापरले?

आणि इथे संभाषण संपले असते तर मी गप्प बसलो असतो. पण त्यांनी जाता जाता सल्ला दिला : “फिल्टर बाहेर नेऊन जमिनीवर आपटा, किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उलट बाजूने फुंकून घ्या. सक्शन वाढेल.” शिशाची धूळ अडकलेला फिल्टर फुंकायचा! म्हणजे महिनोन्‌महिने जे अडकवले ते एका फुंकरीत अंगावर, कपड्यांवर आणि अंगणात. मी पुन्हा विचारले, नीट ऐकले ना मी? ते म्हणाले, “सगळे ग्राहक असेच करतात.” हे वाक्य खरे असेल तर तुम्हाला माझ्या एका हूडपेक्षा मोठी काळजी असायला हवी. शिशाची धूळ असते तिथे झाडूसुद्धा चालत नाही. ओल्या फडक्याने टिपायचे असते, व्हॅक्यूम वापरायचा तर हेपा (अतिबारीक कण अडवणारा) फिल्टर असलेलाच, आणि भरलेला फिल्टर साफ करायचा नसतो, बंद पिशवीत घालून बदलायचा असतो.

आता त्या फिल्टरचेच. पुस्तिकेच्या शेवटी एक चौकट आहे : “खिडकी उपलब्ध नसल्यास कोळशाचा फिल्टर लावून हवा खोलीतच सोडावी.” सक्रिय कोळसा वास आणि वायू शोषतो, कण अडवत नाही. मेणाचा वास जाईल, शिसे तसेच फिरून खोलीत येईल, आणि वास नाही म्हणून तुमची हेल्पलाइन प्रमाणपत्र देईल. कण अडवायला 0.3 मायक्रॉनला 99.97 टक्के पकडणारा हेपा लागतो, आणि तो 90 पास्कलच्या पंख्याला झेपणार नाही. ती चौकट खोडा. शिशाची हवा बाहेर सोडायची, दारे-खिडक्या आणि शेजाऱ्यांच्या हवेच्या वाटेपासून लांब. हूडजवळच्या खिडकीतून तर मुळीच नाही, नाहीतर तीच हवा आत येते.

सगळ्यात गंभीर गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती रागाने वाचली जाऊ नये. पुस्तिकेतल्या दुसऱ्या आकृतीत भांडे हूडच्या मधोमध आहे, बरोबर त्याच्या डोक्यावर पाइपचे तोंड, आणि पाइप सरळ उभा छतातून बाहेर. पाइपाच्या टोकाला पावसाची टोपी दाखवलेली नाही. थंडीत अशा उभ्या पाइपात आतून दव धरते. पावसात पाणी थेट आत येते. तो थेंब खाली कुठे पडणार? 400 अंशांच्या शिशात. पाणी तिथे क्षणात वाफ होते, आकारमान हजारो पटींनी वाढते आणि भांड्यातले शिसे वर उसळते, चेहऱ्याच्या उंचीला. ओल्या साच्यात शिसे ओतू नये हे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात आहे. आणि आकृतीत भांड्यावर नळ रोखला आहे. पाइप हूडच्या मागच्या भिंतीतून आडवा निघायला हवा, बाहेरच्या दिशेने किंचित उतार देऊन, टोकाला तोंड खाली वळवलेले. शिवाय तोंड मागे असले की हवा काम करणाऱ्याच्या चेहऱ्यापासून लांब जाते. डोक्यावरचा हूड ती वर ओढताना नाकावरून नेतो.

आणखी एक. हूडच्या बाजू अ‍ॅक्रिलिकच्या आहेत. 100 अंशांच्या आसपास अ‍ॅक्रिलिक मऊ पडते, आणि मेण टाकल्यावर भांड्यावर ज्वाला उठते, हे ओतकाम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. डाव्या बाजूवर आताच फुगवटा आला आहे. फोटो जोडला आहे. ओतकामाचा हूड पत्र्याचाच हवा.

बदली हवेबद्दल पुस्तिकेत एक ओळ नाही. हूड बाहेर जेवढी हवा टाकतो तेवढी आत यायला हवी. काम करणाऱ्याच्या पाठीमागची खिडकी उघडी ठेवायची, छताचा पंखा बंद, हूडच्या तोंडासमोरून आडवा वारा नको. खोली बंद असेल आणि त्याच घरात गॅसचा गीझर असेल, तर त्याच्या धुरांड्यातून कार्बन मोनॉक्साइड उलटा घरात ओढला जाऊ शकतो. तुमच्या हूडच्या आत्ताच्या ताकदीने हे होणार नाही, हे त्याचे एकमेव सुरक्षिततेचे वैशिष्ट्य.

याच कंपनीचा सोल्डरिंगचा छोटा धूर-शोषक वर्षानुवर्षे तक्रारीविना चालतो, म्हणून नावावर विश्वास ठेवून हा हूड घेतला. तो शोषक बनवणारी माणसे अजून तुमच्याकडे असतील तर हे पत्र त्यांना दाखवा. ती पहिली ओळ वाचूनच पाइपचा व्यास विचारतील. 100 मिलिमीटर.

मला 150 मिलिमीटरचा अडॅप्टर नको. मधल्या एका फोनवरचा प्रतिनिधी तो “सवलतीत” देऊ करत होता. हूडवरचे पाइप जोडायचे तोंड तेच 100 मिलिमीटरचे असताना पुढे मोठा पाइप लावून पंख्याची पाटी बदलत नाही. पूर्ण रक्कम, पाठवणीच्या खर्चासह, पंधरा दिवसांत परत हवी. दुसरी आकृती आणि कोळशाच्या फिल्टरची चौकट पुस्तिकेतून काढल्याचे, आणि आधी विकलेल्या ग्राहकांना ते कळवल्याचे लेखी उत्तर हवे. कॉम्प्रेसरचा सल्ला हेल्पलाइनच्या स्क्रीनवर असेल तर तो आजच काढा. त्यासाठी पंधरा दिवस लागू नयेत. उत्तर आले नाही तर मोजमापे, पाटीचा फोटो आणि आकृती ग्राहक तक्रार निवारणाकडे आणि उत्पादन सुरक्षेच्या यंत्रणेकडे जाईल. संभाषण “दर्जासाठी ध्वनिमुद्रित” केले जात असल्याचे प्रत्येक फोनला ऐकवले गेले आहे, तेव्हा पुरावा तुमच्याकडेही आहे. पुसू नये.

आपला,
एक ग्राहक

सोबत : नऊ चौकोनांची मोजमापे, पंख्याच्या पाटीचा फोटो, अ‍ॅक्रिलिकच्या फुगवट्याचा फोटो, खरेदीची पावती.

ता. क. : वापरलेला फिल्टर काढून दुहेरी पिशवीत बंद केला आहे आणि हूड आतून ओल्या फडक्याने पुसला आहे, ती फडकीही दुसऱ्या बंद पिशवीत आहेत. परतीचे पार्सल कोणत्या पत्त्यावर पाठवायचे ते कळवा. वरून “शिशाची धूळ, उघडू नये” असे लिहिल्याशिवाय मी ते पाठवणार नाही, आणि ते उघडणाऱ्या तुमच्या माणसाला तोंडावर पी-100 (बारीक धूळ अडवणारा) मास्क द्या. फुंकून बघायला सांगू नका.