सूचना : रविवारपासून नार्निया

मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेसातला भुईकोट किल्ल्याच्या बागेत मुलांसाठी नार्नियाचं, म्हणजे सी. एस. लुईस यांच्या जादुई जगाच्या कथामालेचं, वाचन सुरू करतोय. ऊन चढायच्या आत जमू.

सुरुवात १९५० सालच्या, कपाटाच्या पुस्तकानेच ('द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'). १९५५ साली आलेल्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये कथेचा आरंभ आहे, म्हणून काही जण ते आधी वाचायला देतात. कृपा करून तसं करू नका! कपाटाच्या पुस्तकातल्या छोट्या लूसीबरोबर कपाटातल्या फरच्या कोटांतून चाचपडत जाताना अचानक पायाखाली बर्फ लागतो, पुढे दिव्याचा खांब दिसतो. तो रानात कुठून आला, हे मुलांना आधीच कळलं तर ती थरारणार कशी?

सातही पुस्तकं मी आणतेय. कितीही वेळा वाचली तरी माझं मन भरत नाही. सतरंज्या तुम्ही आणा. कडक भाकरी, शेंगाचटणी आहेच. येणाऱ्या मुलांची नावं शनिवारपर्यंत कळवा.