गायकाच्या विनोदासाठी मैदानाची वीज तोडू नका: मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री (गृह खाते),
गोवा राज्य, पर्वरी.

महोदय,
सविनय नमस्कार.

14 जुलै 2024 च्या रात्री सिडनीत टेनेशियस डी या अमेरिकन विनोदी रॉक जोडीचा कार्यक्रम चालू होता. काइल गॅसचा त्या दिवशी वाढदिवस. मंचावर केक आला, जोडीदार जॅक ब्लॅकने ‘काहीतरी इच्छा माग’ म्हटले आणि गॅस बोलून गेला की पुढच्या वेळी ट्रम्पवरचा नेम चुकू नये. पेनसिल्व्हेनियातल्या बटलरला ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला तेव्हा सिडनीत त्याच दिवशीचे सकाळचे आठ वाजून गेले होते. सभेला आलेला एक माणूस त्यात मेला, त्याला अजून पुरता एक दिवसही झाला नव्हता. सभागृहात हशा पिकला. बाहेर मात्र चित्रफीत फिरली तसा जगभर संताप उसळला. ऑस्ट्रेलियाचे सिनेटर राल्फ बॅबेट यांनी दोघांनाही देशाबाहेर हाकला, अशी मागणी केली. गॅसने माफी मागितली, ब्लॅकने उरलेला दौरा रद्द केला, गॅसच्या एजंटनेही त्याची साथ सोडली.

विनोद हीन होता, यावर आमच्यात दुमत नाही. मात्र दोन-तीन दिवसांत त्याची जी किंमत वसूल झाली, ती जोडीदाराने, एजंटने आणि प्रेक्षकांनी केली.

मलेशियात वर्षभर आधी उलटे घडले. 21 जुलै 2023 रोजी सेपांगच्या ‘गुड व्हाइब्ज’ महोत्सवात द 1975 या ब्रिटिश बँडच्या गायकाने मंचावरून तिथल्या समलैंगिकताविरोधी कायद्यांवर तोंडसुख घेतले आणि आपल्याच बँडमधल्या वादकाचे चुंबन घेतले. सरकारने दुसऱ्याच दिवशी तीन दिवसांच्या महोत्सवाचा उरलेला भाग बंद केला. बँड निघून गेला. पुढच्या दोन दिवसांत ज्यांचे गाणे व्हायचे होते ते स्थानिक कलाकार आणि माल भरून बसलेले स्टॉलवाले मात्र हात चोळत राहिले. आयोजकांचा दावा लंडनच्या न्यायालयात गेला आणि बँडमधल्या कलाकारांवर वैयक्तिक जबाबदारी येत नाही, असा निकाल 2025 साली लागला. म्हणजे बोलले एक आणि निस्तरले भलत्यांनीच.

आम्ही गोव्यात मंच उभारणारे, आवाज-प्रकाश सांभाळणारे आणि परवान्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणारे लोक. उद्या वागातोरला, धारगळला किंवा बांबोळीच्या स्टेडियमवर एखादा परदेशी गायक आपल्या पंतप्रधानांबद्दल, तुमच्याबद्दल किंवा दुसऱ्याच कुठल्या देशाच्या नेत्याबद्दल असे काही बरळला, तर काय होईल याचा अंदाज आम्हाला आहे. रात्री क्लिप, सकाळी पोलीस ठाण्यासमोर जमाव, दुपारी पंचायतीचा ना हरकत दाखला मागे आणि संध्याकाळी मैदानाला कुलूप. म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच काय करायचे आणि काय टाळायचे ते लेखी ठरवा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी विजेचे. त्या प्रकरणानंतर मलेशियाने आयोजकांकडे ‘किल स्विच’ची अट घातली: कलाकार भलतेसलते वागला की वीज तोडायची. आपल्याकडेही कोणीतरी ही सूचना करील, कारण ऐकायला ती सोपी वाटते. मैदानावर तिचा अर्थ वेगळा होतो. छोट्या कार्यक्रमाला आवाज, दिवे, पडदा, सीसीटीव्ही आणि फाटकावरचे फ्लडलाइट बहुधा एकाच 125 केव्हीएच्या जनरेटरवर असतात. ब्रेकर खाली ओढला की हे सगळे एकदम जाते. हजारो माणसे अंधारात, पायाखाली केबलींचे जाळे, बाजूला शेताचा बांध. त्यांना ‘घाबरू नका, या बाजूने बाहेर पडा’ असे सांगायचे साधन म्हणजे तीच ध्वनियंत्रणा, आणि तीच आपण मारलेली. डिजिटल कन्सोल, म्हणजे सगळे आवाज जिथून कमी-जास्त करतात ते यंत्र, पुन्हा सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटे जातात. ॲम्प्लिफायर त्यानंतर एकामागून एक लावावे लागतात, सगळे एकदम लावले तर ब्रेकर पुन्हा पडतो. चेंगराचेंगरीला एवढा वेळ खूप झाला. एका वाक्यासाठी माणसे मेली तर जाब कोणाला विचारायचा?

थांबवायचेच असेल तर माइक थांबवा. मंचावरचे सगळे गायनाचे माइक कन्सोलवर एकाच गटात बांधून ठेवायचे, कारण एक बंद केला की गायक शेजाऱ्याचा ओढून घेतो. डीजे असेल तर तो वाजवत असलेले मुद्रणही त्याच गटात. आक्षेपार्ह वाक्य कित्येकदा आधीच ध्वनिमुद्रित असते. पडद्यावरची दृश्ये वेगळ्याच लॅपटॉपवरून येतात आणि साऊंडवाल्याच्या हातात नसतात, त्यामुळे ती काळी करायचे बटण कोणाकडे आहे हे आधी ठरलेले हवे. 2023 च्या डिसेंबरात वागातोरच्या एका महोत्सवाबद्दल पोलिसांत तक्रार गेली ती कोणाच्या बोलण्यावरून नव्हे, पडद्यावरच्या शंकराच्या प्रतिमेवरून, हे आपल्याला आठवत असेलच. गट बंद करायला अर्धा सेकंद पुरतो. लगोलग मैदानाचे दिवे वाढवायचे आणि निवेदकाच्या माइकवरून कोकणी, मराठी, हिंदी व इंग्रजीतून दोन वाक्ये सांगायची. निवेदकाचा माइक वेगळ्या चॅनलवर हवा, आणि त्याला दोन स्पीकरपुरती तरी यूपीएसची जोड हवी. हे कोणाच्या सांगण्यावरून करायचे? मंच व्यवस्थापकाच्या. परवान्यावर त्याचे नाव लिहा, आणि बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याने त्याच्याशीच बोलावे. सहा अधिकारी एकाच वेळी कन्सोलवरच्या पोराच्या अंगावर धावून आले तर तो भलतेच बटण दाबतो.

यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असेल तर त्याला दहा सेकंदांचा उशीर ठेवण्याची अट घालता येईल. मैदानावरच्या आवाजाला असा उशीर लावता येत नाही. ‘आधी ऐका, मग सोडा’ असे कोणी सुचवले तर ते तिथेच थांबवा.

आता पुराव्याचे. आमच्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तक्रारीसोबत येते ती व्हॉट्सॲपवरची तीस सेकंदांची क्लिप. ती चार हात फिरून आलेली, प्रत्येक वेळी दाबून लहान केलेली, मूळ तारीख-वेळ निघून गेलेली. गायक त्याआधी काय म्हणाला, कोणाची नक्कल करत होता, लोक हसले की ओरडले, हे तिच्यात नसते. उलट कन्सोलवरून घेतलेल्या मुद्रणात शब्द स्वच्छ असतात, पण गर्दी जवळजवळ ऐकूच येत नाही, कारण गर्दीसमोर माइकच नसतो. दोन्ही हवे. म्हणून परवान्यात अट घाला: कन्सोलचे डावे-उजवे असे दोन ट्रॅक आणि प्रेक्षकांकडे रोखलेल्या दोन माइकचे दोन, असे चार ट्रॅक पूर्ण वेळ मुद्रित करायचे. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर एका ट्रॅकला तासाला सुमारे 518 एमबी लागतात, चारांना दोन जीबीच्या आसपास. सहा तासांचा कार्यक्रम 32 जीबीच्या कार्डावर आरामात मावतो. खर्चाची सबब कोणी सांगू नये. रेकॉर्डरचे घड्याळ सुरू करण्याआधी भारतीय वेळेशी जुळवायचे. बरेच रेकॉर्डर मोठी फाईल आपोआप तोडतात, तेव्हा सगळे तुकडे ठेवायचे, ‘लागेल तेवढा’ एक काढून द्यायचा नाही.

तक्रार आली की पोलिसांनी ते कार्ड पंचनामा करून घ्यावे आणि प्रत्येक फाईलचा एसएचए-256 हॅश (फाईल जराही बदलली तर बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) तिथेच काढून पंचनाम्यात लिहावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात तो मागितलेलाच आहे. त्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. यंत्र ज्याच्या ताब्यात होते तो पहिला भरतो, तज्ज्ञ दुसरा. पहिला भाग ध्वनियंत्रणावाल्याकडून त्याच रात्री भरून घेतला नाही तर आठ दिवसांनी तो मजूर, तो लॅपटॉप आणि ते कार्ड, तिघेही तीन राज्यांत असतात. रात्री दहाच्या नियमासाठी लावलेले ध्वनिमापक शब्द नोंदवत नाही, पण गर्दी कितव्या मिनिटाला उसळली ते त्याच्या आलेखावर दिसते. फाईलची वेळ ताडून पाहायला त्याचा चांगला उपयोग होतो.

कायदा आम्ही आपल्याला काय सांगणार? तरी ठाण्यावर तो कसा लावला जातो हे आम्ही पाहतो, म्हणून लिहितो. नेत्याबद्दलचा अपशब्द हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 मध्ये आपोआप बसत नाही. तिथे धर्मभावना दुखावण्याचा जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतू लागतो. कलम 196 समाजगटांमधल्या वैराबद्दल आहे, आणि एकटा मंत्री म्हणजे गट नव्हे. बदनामीचे कलम 356 अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. मंत्र्याची त्याच्या कामासंबंधी बदनामी झाली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 222 प्रमाणे सरकारी वकील सहा महिन्यांच्या आत सत्र न्यायालयात लेखी तक्रार करू शकतो. त्यासाठी रात्री बारा वाजता कोणाला उचलायची गरज नाही.

तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचे दखलपात्र कलम सांगितले जात असेल, तर उपअधीक्षकाच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय त्याच संहितेच्या कलम 173(3) मध्ये आहे. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून दाखल झालेल्या प्रकरणात 28 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात अशी चौकशी आधी करणे नेहमीच योग्य, आणि शब्दांचा परिणाम खंबीर, विचारी माणसाच्या मापाने जोखायचा. जरा काही झाले की हादरणाऱ्याच्या मापाने नव्हे. 196 आणि 299 खाली न्यायालयाने दखल घ्यायची तर सुरक्षा संहितेच्या कलम 217 प्रमाणे सरकारची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे ठाण्यावर घाईत लिहिलेला कागद फिरून शेवटी आपल्याच टेबलावर येणार आहे. परदेशी गायकाला राज्यघटनेच्या कलम 19 चे भाषणस्वातंत्र्य नाही, ते नागरिकांचे आहे, हे खरे. पण आयोजक, वादक, निवेदक आणि प्रेक्षक नागरिकच असतात.

व्हिसाचे थोडक्यात. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन गाणे चालत नाही, आणि किनाऱ्यावरच्या कॅफेंत ते सर्रास चालते, हे उघड गुपित आहे. तपासायचे तर परवाना देताना तपासा: पासपोर्ट, व्हिसाचा प्रकार, करार, आणि उतरण्याच्या ठिकाणाने 24 तासांत भरलेली परदेशी पाहुण्याची नोंद (पूर्वीचा फॉर्म सी). एरवी डोळेझाक करायची आणि विनोद खुपला की मगच व्हिसा आठवायचा, याला लोक कायदा म्हणत नाहीत, सूड म्हणतात.

आणि पैसे. परदेशी कलाकाराची निम्मी बिदागी करार करताना जाते आणि उरलेली बहुधा मंचावर चढण्याआधी. मंडप, जनरेटर, ट्रस (दिवे-स्पीकर टांगायचा सांगाडा), जेवण, सुरक्षारक्षक यांची बिले कार्यक्रम झाल्यावर निघतात. दुसऱ्या दिवशी मैदानाला कुलूप लागले की गायकाचे काही जात नाही, म्हापशाच्या मंडपवाल्याचे जाते. म्हणून दोन अटी सुचवतो. पहिली, परदेशी कलाकाराच्या बिदागीतला ठरावीक हिस्सा कार्यक्रमानंतर सात दिवस राखून ठेवावा आणि वर्तनाची अट मोडली तर त्यातून आधी स्थानिक देणी भागवावीत. दुसरी, परवाना रद्द करायचा तर त्या कलाकारापुरता करावा, उरलेल्या मंचांना आणि उरलेल्या दिवसांना हात लावू नये. वर्तनाच्या अटीत ‘आक्षेपार्ह काही बोलू नये’ असे मोघम लिहू नका. हिंसेला चिथावणी, कोणाला मारण्याची उघड इच्छा, धर्मस्थळाची किंवा देवतेची विटंबना, असे नेमके लिहा. नेत्याची टिंगल त्यात घालू नका. पेडण्याच्या जत्रेतला दशावतारी संकासुर सरपंचापासून आमदारापर्यंत कोणाला सोडत नाही, आणि मडगावात तियात्रातली (कोकणी नाटकातली) राजकीय कांतारां, म्हणजे गाणी, ऐकताना ज्यांच्यावर ती रचलेली असतात ते कधी कधी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. परदेशी माणसाला वेगळी फूटपट्टी लावली तर पुढच्या वर्षी तीच फूटपट्टी घेऊन कोणीतरी तियात्राच्या पडद्यामागे उभा राहील.

शेवटी एक छोटी पण कामाची गोष्ट. या अटी परवान्याच्या मागे बारीक इंग्रजी टायपात छापू नका. मराठी-कोकणीत एका पानावर घ्या, मंच व्यवस्थापक, ध्वनियंत्रणावाला आणि बंदोबस्ताचा उपनिरीक्षक अशा तिघांच्या सह्या कार्यक्रमाआधीच्या ध्वनिचाचणीच्या वेळी घ्या, आणि एक प्रत कन्सोलशेजारी चिकटवायला सांगा. मसुदा करायला आम्ही बसायला तयार आहोत. ऑक्टोबरच्या आधी बोलावलेत तर बरे, त्यानंतर आमच्यातला कोणीच रिकामा नसतो.

आपले,
गोव्यातील मंच, ध्वनी, प्रकाश आणि परवान्यांची कामे करणारे काहीजण