नंबर लॉकच्या स्वाध्यायातील चुकीच्या तपासणीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जावा (प्रोग्रामिंग भाषा) अभ्यासक्रमातील सदोष टेस्ट केस (प्रोग्राम तपासण्याचा नमुना आणि त्याचं अपेक्षित उत्तर) दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

मी अकरावी-बारावीच्या मुलांना संगणक शिकवते. माझे विद्यार्थी वर्गणी भरून आपल्या जावा अभ्यासक्रमावर सराव करतात. त्यातल्या तबकडीच्या नंबर लॉकच्या स्वाध्यायात, दिलेल्या हालचालींनी कुलूप ‘उघडले’ की ‘बंद’ राहिले हे प्रोग्रामने सांगायचं असतं; पण तिथे बरोबर प्रोग्राम नापास होतो आणि चुकीचा पास होतो. हे कळवल्यावर ‘सर्व टेस्ट केसेस तपासलेल्या आहेत’ एवढंच छापील उत्तर आलं.

कुलूप ० ते ३९ आकड्यांचं, कॉम्बिनेशन १०-३०-५, तबकडी सुरुवातीला ० वर. उजवीकडे दोन पूर्ण फेरे देऊन १० वर थांबायचं, डावीकडे एक फेरा देऊन ३० वर, मग उजवीकडे थेट ५ वर. उजवीकडे फिरवताना आकडे कमी होत जातात आणि डावीकडे वाढत जातात, म्हणजे ११०, ६० आणि २५ घरं. प्रश्नात हे नीट लिहिलं आहे.

शेवटच्या टेस्ट केसमध्ये मात्र उजवीकडे ११०, उजवीकडेच २० आणि पुन्हा उजवीकडेच २५ अशा हालचाली आहेत. थांबे १०, ३०, ५ असेच येतात, पण दिशा एकदाही बदलत नाही. तरी आपलं अपेक्षित उत्तर ‘उघडले’! असं कुलूप उघडेलच कसं? आतल्या तीन चकत्या पहिल्या दोन फेऱ्यांत एकमेकींना अडकून एकत्र फिरू लागतात. तबकडी उलटी फिरवली की मगच पहिली चकती आपल्या जागी राहते. दिशा बदललीच नाही तर तिन्ही एकत्रच फिरत राहतात, खाचा एका रेषेत येत नाहीत.

माझ्या एका विद्यार्थिनीने आधीची दिशा व्हेरिएबलमध्ये ठेवली आणि दिशा उलटली तरच आकडा नोंदवला. १० वरून उजवीकडे २० घरं गेल्यावर -१० येतात आणि जावात -१० ला ४० ने भागल्यावर बाकी -१० च येते, हे ओळखून ३० मिळावेत म्हणून तिने ४० मिळवलेही. तिचा प्रोग्राम ‘बंद’ म्हणतो आणि लाल फुली मिळवतो. बाकीच्यांनी दिशेची ‘इफ’ अट खोडली आणि हिरवी खूण मिळवली. पैसे भरून मुलं हे शिकत आहेत, याचा मला मनापासून राग येतो.

त्या टेस्ट केसचं अपेक्षित उत्तर ‘बंद’ करावं, आधी आलेले सर्व प्रोग्राम पुन्हा तपासून गुण सुधारावेत आणि या पत्राला, सोबत जोडलेला प्रोग्राम स्वतः वाचलेल्या व्यक्तीकडून लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक संगणक शिक्षिका