आमच्या मंडळीला विचारून या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धर्मांतरावरून कुठे गडबड झाली की गावातली चर्च आणि बाहेरून प्रचाराला येणाऱ्या संस्था यांना एकाच माळेचे मणी धरलं जातं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे गावच्या चर्चच्या सभासदांची, खजिनदार. या संस्थांचं आणि आमचं नातं बाहेरून वाटतं तेवढं गोडीगुलाबीचं नाही. चारचौघांत आम्ही ते बोलत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका संस्थेची गाडी गावात आली. मोकळ्या जागेत मंडप पडला, कर्णा लागला. आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, कळलं ते मंडप पडल्यावर! दोन रात्री सभा झाली. प्रार्थनेनं आजार बरे होतील, असं कर्ण्यावरून सांगितलं गेलं. शेवटी लोकांना हात वर करायला लावून फोटो काढले. हात वर करणाऱ्यांत निम्मे आमच्याच मंडळीतले, पणजोबांपासूनचे ख्रिस्ती. फोटोखाली काय लिहून तो कुठे पाठवला असेल, याचा अंदाज आम्हाला आहे.

गाडी गेली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील आले ते पाळकसाहेबांच्या दारात. किराणा दुकानदार, जो नाताळला आमच्याकडे करंज्या खायला येतो, तो सुटे पैसे देताना मान वर करीना. एका मावशींनी सभेत ऐकून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांना चक्कर आली तेव्हा रिक्षा करून दवाखान्यात नेलं ते मंडळीतल्या पोरांनी. संस्थेचा फोन लागत होता, उचलत कुणी नव्हतं.

बाहेरचं मिशन आणि गावची मंडळी यांची ही ओढाताण आमच्या जिल्ह्याला नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले आणि १८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी उभी राहिली. ही मंडळी चालवायची कुणी? मिशनच्या बोस्टनच्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचं म्हणणं होतं की स्थानिक मंडळीनं आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार आपणच करावा आणि मिशनऱ्यानं पुढच्या गावाला निघावं. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरला पाळकपदाची दीक्षा मिळाली, ती याच धोरणाच्या काळात. पण शाळा, दवाखाने, बंगले आणि पगारपत्रक पुढेही मिशनच्याच हाती राहिलं. रेव्ह. ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, याच मिशनमध्ये राबले आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून बाहेर पडले. त्यांनी काढलेल्या 'देवाचा दरबार' या भक्तांच्या संघात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते वारले, दरबार काही टिकला नाही. पण उपासनेत त्यांचं भजन सुरू झालं की मागच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्याही टाळ धरतात. इंग्रजी चालीच्या गीतांना निम्मे लोक नुसते ओठ हलवतात, हेही सांगून टाकते.

माझी आजी बायबल बाई होती. वाड्यावस्त्यांवर पायी जायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, अक्षरं शिकवायची, बाळंतिणीची विचारपूस करायची. महिन्याचा पगार मिशनच्या मडमसाहेबांच्या हातून. चालायची आजी, अहवाल मडमसाहेबांचा. ज्याच्या हाती ससा तो पारधी. तरी ज्या वस्तीवर आजी आज बोलली तिथेच तिला पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं असे. तिच्या ओळखीपाळखीची, सोयरिकीची माणसं तिथे होती. भलतं आश्वासन द्यायची तिला सोयच नव्हती. बाहेरच्या गाडीला ती असते.

आता पैशाचं. 'तुम्हाला काय, अमेरिकेतून येतात,' हे मी शिक्षकांच्या खोलीत नोकरीभर ऐकलं. २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच ठरलेल्या शाखेत घ्यावी लागते आणि ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. आमच्या मंडळीचं तिथे खातंही नाही. आमचा पैसा बघायचा असेल तर हंगामाच्या सणाला या. वेदीपुढे बाजरीची पोती, दुधी भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या गावरान कोंबड्या मांडलेल्या असतात. उपासना संपली की आवारात लिलाव. एखादी कोंबडी पाचशेला जाते, घेणारा ती पुन्हा मंडळीला देतो, मग तीच सहाशेला जाते. संध्याकाळपर्यंत तिचे तीन-चार मालक होतात, कोंबडी मात्र तिथेच. त्या पैशातून धर्मप्रांताकडे, म्हणजे मंडळ्यांच्या वरच्या कारभाराकडे, पाळकाच्या पगाराचा वाटा भरायचा आणि उरलेल्यात छपराचे पत्रे. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या बाया १९१० पासून दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून मंडळीला देतात आणि त्यांचं चर्च बाहेर मिशनरीही पाठवतं. आमची तेवढी ऐपत अजून नाही. आमच्यातले काहीजण तर मिशनच्या जुन्या जागांच्या कोर्टकज्ज्यांतच अडकून पडलेत.

प्रचार करूच नये, असं मी म्हणत नाही. आपला धर्म सांगण्याचा हक्क राज्यघटनेनं दिला आहे आणि मी तो सोडणार नाही. पण आमच्या गावात सांगायचं तर आमच्या मंडळीला विचारून आणि तिच्या जबाबदारीवर. बातमीदारांनीही एवढं विचारावं की सभा घेतली कुणी, गावच्या चर्चनं की बाहेरच्यांनी.

आमच्या पास्टोरेट कमिटीनं, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीनं, आता ठरवलं आहे: बाहेरच्या कुणाला सभा घ्यायची असेल तर आधी लेखी कळवावं. खर्च कोण करणार, बोलणार कोण आणि सभेनंतर वर्षभर गावात येत राहणार कोण, हे त्यात असावं. त्यानंतर एका संस्थेचं पत्र आलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं टाइप करून, शिक्का मारून होती. तिसऱ्याचं नव्हतं. पत्र परत पाठवलं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. नेवासे, जि. अहिल्यानगर