काजवे, कॅमेरा आणि सायकलचा कॅरियर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजमाचीला काजवे पाहण्यासाठी सायकलने जाणाऱ्यांनी कॅमेऱ्याची बॅग मागच्या कॅरियरवर घट्ट बांधावी, असा सल्ला आपल्या पुरवणीतील लेखात वाचला. तो चुकीचा आहे. ही चूक मी स्वतः करून बसलो असल्यामुळे हे पत्र.

लोणावळ्याहून राजमाचीला जाणारा सुमारे १५ किलोमीटरचा रस्ता बराचसा कच्चा आणि दगडगोट्यांचा आहे. उतारावर आपण पेडलवर उभे राहतो तेव्हा गुडघे आणि कोपर दणके झेलतात. कॅरियर मात्र थेट फ्रेमला जोडलेला असतो आणि कॅरियर बसणाऱ्या बहुतेक माउंटन बाइकना मागे सस्पेन्शन नसते, त्यामुळे बॅग जितकी घट्ट बांधावी तितका प्रत्येक दणका थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो. बॅगेला फोमचे जाड अस्तर असूनही माझ्या लेन्सच्या माउंटचा एक बारीक स्क्रू परतल्यावर बॅगेच्या तळाशी सापडला, दुसरा सैल झाला होता. मोटारसायकलच्या तीव्र कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची आणि ऑटोफोकसची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. सायकलला इंजिन नसते हे खरे, पण दगडांना त्याची गरज पडत नाही.

कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्ये, छातीचा आणि कमरेचा असे दोन्ही पट्टे आवळून न्यावा, आणि जड लेन्स बॉडीपासून काढून वेगळ्या कप्प्यात ठेवावी. गळ्यात अडकवलेला कॅमेरा चढावर हँडलवर आपटतो, म्हणून तो मोह टाळावा. काजव्यांसाठी शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागत असल्याने ट्रायपॉड लागतोच. पण तो सॅकमध्ये मणक्याला समांतर कधीही खोचू नये, कारण पाठीवर पडल्यास कॅमेरा वाचेल आणि पाठ जाईल. ट्रायपॉड मात्र कॅरियरवर खुशाल बांधावा. त्याला दणक्यांचे सोयरसुतक नसते.

पाठीवरच्या सॅकचा एक तोटा मान्य केला पाहिजे, तो म्हणजे घाम. जूनच्या दमट हवेत त्याची भर पडली की लेन्सला बुरशी लागण्याची भीती वाढते. म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह जलरोधक पिशवीत ठेवावा आणि घरी आल्याबरोबर, अंघोळीच्याही आधी, बाहेर काढावा.

मृग लागण्यापूर्वी ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, पुणे